काळ्या जमिनीवरचं छापाचं अंगण

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, एका केळीच्या गावात घरापुढचं ३० बाय ३० फुटांचं अंगण छापाच्या काँक्रीटचं, म्हणजे ओल्या मालावर साचे ठोकून दगडाचा पोत उठवलेलं, केलं. त्याची ही पहिल्या कुदळीपासूनची हकिकत. घरच्यांची अट एकच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याआधी अंगण वापरात यायला हवं. त्या वर्षी आखाजी एप्रिलच्या अखेरीस होती. छापाच्या काँक्रीटवर शेवटचा सीलर (वरचा संरक्षक थर) २८ दिवसांनी मारायचा असतो, म्हणजे माल मार्चमध्येच पडायला हवा होता. खरं तर आपल्याकडे या कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्च लागला की पुढचा प्रत्येक निर्णय उन्हाकडे आणि वाऱ्याकडे बघूनच घ्यावा लागतो.

रंग आणि छाप निवडायच्या आधी जमीन तपासली. तापीकाठची ही काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर मुरमाचा पातळ थर टाकून चार इंच काँक्रीट ओतलं, तर पहिला पावसाळा ते उचलतो आणि पुढचा उन्हाळा ते मोडतो. साध्या कोब्याची भेग सिमेंट भरून झाकता येते. रंगीत छापाची भेग कशानेच झाकत नाही, आणि भरलेली रेघ मूळ भेगेपेक्षा जास्त दिसते.

जमीन किती फुगते हे बघायची चाचणी सोपी आहे. माती वाळवून कुटायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची आणि १०-१० ग्रॅम मोजून १०० मिलिलीटरच्या दोन नळ्यांत घालायची. एका नळीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढायची आणि २४ तास हलवायचं नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन उंचींमधला फरक रॉकेलमधल्या उंचीच्या किती टक्के आहे, ते काढायचं. ३५ टक्क्यांच्या वर आकडा गेला की जमीन जास्त फुगणारी समजायची, ५० च्या वर गेला तर फारच. इथे रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १८ असा आकडा आला, म्हणजे ८० टक्के. आता नुसत्या मुरमाच्या थराने भागणार नव्हतं.

काँक्रीटच्या तळाखाली दोन फूट काळी माती काढून टाकली आणि तिथे मुरूम भरला. ९०० चौरस फूट गुणिले २ म्हणजे १८०० घनफूट. ठोकून मुरूम बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरून २३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवला. मुरूम कसा आहे ते बघून घ्यावं. हातात ओला करून दाबला तर गोळा झाला पाहिजे, पण तो गोळा पाण्याने फुगता कामा नये. बरेच जण खड्डा भरायला कच किंवा वाळू वापरतात, कारण ती पटकन बसते. काळ्या जमिनीत तसं करणं म्हणजे अंगणाखाली पाण्याची टाकी बांधणं. वाळूत पाणी शिरतं, तळाच्या काळ्या मातीवर साचतं आणि तिला निवांत फुगवतं. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर काळ्या मातीची फूग दाबून धरतो, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं. कालव्यांच्या कामात ते तंत्र वापरलं गेलं. अंगणालाही तोच नियम लागू होतो.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकला. प्रत्येक थरावर पाणी मारलं, अर्धा दिवस मुरू दिलं आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर चार-चार वेळा फिरवला. जोत्याच्या कडेला मशीन पोचत नाही, तिथे हाताची धुमस. या कडेलाच सगळे घाई करतात आणि वर्षभराने काँक्रीट इथेच खचतं. उतार मुरमातच काढून घेतला. १ ला ६० म्हणजे ३० फुटांत सहा इंच, घराकडून फाटकाकडे. छापाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यामुळे साध्या कोब्यापेक्षा उतार थोडा जास्तच ठेवावा लागतो. नाहीतर खळग्यात पाणी थांबतं आणि श्रावणात शेवाळ धरतं. न्हाणीचं पाणी पूर्वी अंगणाच्या कडेने उघड्या सरीतून जायचं. ते आधी पाइपात घेतलं. एका बाजूची जमीन बाराही महिने ओली आणि दुसरी कोरडी असेल, तर दोन फूट मुरूमही पुरत नाही.

मुरमावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरला, जोडाला एक फूट चढ देऊन. यावर मतभेद आहेत. कागद टाकला की मालातलं पाणी खाली जात नाही, सगळं वर येतं आणि छापायला उशीर होतो. थंड हवेत ही अडचण आहे. आपल्याकडे उलटं. तापलेला मुरूम मालातलं पाणी खालून ओढतो आणि वारा वरून ओढतो, म्हणून कागद हवाच. शिवाय जमिनीतले क्षार वर येऊन रंगावर पांढरी बुरशीसारखी साय धरते, तीही त्याने बरीच अडते.

सळई ८ एमएमची, दोन्ही बाजूंनी ८ इंचांवर. एवढ्या अंगणाला जोड धरून साडेतीनशे किलो लागली. जाळी तळाला पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही. भेग वरून सुरू होते, म्हणून सळई वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून दीड इंच खाली हवी. त्यासाठी दोन इंची ठोकळे, दर अडीच फुटांवर. माल ओतताना बिगारी जाळीवरून चालतात आणि ठोकळे आडवे होतात. म्हणून फळ्या टाकून त्यावरूनच ये-जा ठेवली. जोत्याच्या भिंतीला, व्हरांड्याच्या खांबांना आणि तुळशीवृंदावनाला भिडणाऱ्या सगळ्या कडांना १२ एमएमची थर्माकोलची पट्टी लावली. अंगण आणि घर वेगवेगळे हलतात, त्यांना एकमेकांत अडकवू नये.

छाप निवडताना कॅटलॉगमधला खोल सांध्यांचा दगडी नमुना घरातल्या तरुण मंडळींना आवडला होता. पण या अंगणात काय काय होतं ते आधी मोजलं. उन्हाळ्यात बिबड्या आणि पापडांचं वाळवण, रात्री खाटा, सकाळी झाडू, आणि पंच्याऐंशीच्या आजींची ये-जा. खोल सांध्यात खाटेचा पाय डुगडुगतो, धान्य अडकतं, काठी अडखळते. म्हणून सांधे नसलेला, दोन-तीन मिलिमीटर खोलीचा पाटीच्या दगडाचा पोत घेतला आणि रेघा नंतर कटरने मारायच्या ठरवल्या. रंगही काळा पाषाण नको, फिकट वाळूसारखा घेतला आणि खळग्यात तपकिरी छटा. ४४ अंशांच्या दुपारी गडद अंगणावर अनवाणी पाय टेकवत नाही. हे दुकानात बसून लक्षात येत नाही, मे महिन्यात येतं.

आता माल. एम २५ प्रतीचं काँक्रीट, घनमीटरला ३५० किलो पीपीसी (फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट, म्हणजे ७ गोण्या. चार इंच जाडीने अंगण ३०० घनफूट, साडेआठ घनमीटर. वाया जाणारं धरून ६३ गोण्या, आणि सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच आठवड्याच्या. फ्लाय अॅशचं सिमेंट मुद्दाम घेतलं. ते जरा सावकाश आवळतं, त्यामुळे छापायला वेळ मिळतो. शिवाय त्यातली राख मोकळा चुना खाते, म्हणून पांढरी साय कमी येते. एका गोणीला ३५ लिटरच्या फर्म्याने वाळू दोन फर्मे, २० एमएमची खडी दोन आणि १० एमएमची सव्वा. पाणी २४ लिटर, त्यात वाळूतल्या ओलाव्याचं पाणीही आलं. एवढ्या पाण्यात माल घट्ट राहतो, म्हणून पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर घातलं. स्लम्प, म्हणजे मालाच्या सैलपणाचं माप, ७५ ते १०० मिलिमीटर ठेवला. १०० च्या वर गेला की साचा रुततो आणि खडी खाली बसून वर नुसती लापशी येते. पाण्याचं माप प्रत्येक घाण्याला (मिक्सरच्या एका खेपेला) सारखं हवं. एका घाण्यात दोन लिटर जास्त पडलं की तेवढा तुकडा फिकट दिसतो आणि तो कायम फिकट राहतो. लवकर आवळावा म्हणून कॅल्शियम क्लोराईड असलेलं काही घालू नये. त्याने रंगाला डाग पडतात आणि सळई गंजते.

अंगणाचे दहा-दहा फुटांचे तीन पट्टे केले. एक पट्टा म्हणजे ३०० चौरस फूट, दहा बाय दहाचे तीन चौकोन, २० गोण्या, मिक्सरवर पावणेदोन ते दोन तास. पहिल्या दिवशी जोत्यालगतचा, दुसऱ्या दिवशी फाटकाकडचा, मधला शेवटी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी काम करायला जागा मिळते आणि मधल्या पट्ट्याला लेव्हल शेजाऱ्यांकडून मिळते.

पहिला पट्टा संध्याकाळी पाचला सुरू केला. रात्रीचा थंडावा ताज्या मालाला मिळेल, असा हिशेब होता. तो चुकला. पारा उतरला होता, पण पश्चिमेचा वारा पडला नव्हता. मालातलं पाणी नुसत्या उन्हाने उडत नाही. हवेची उष्णता, कोरडेपणा, वाऱ्याचा वेग आणि मालाचं स्वतःचं तापमान, या चारही गोष्टी मिळून ते उडवतात. दर चौरस मीटरला तासाला एक किलोपेक्षा जास्त पाणी उडायला लागलं की खालून येणारं पाणी पुरत नाही आणि वर खपली धरते. पाचला ओतलेल्या पहिल्या चौकोनात नेमकं तेच झालं. बोटाने दाबलं तर वरचं कातडं कडक लागत होतं, पण आतला माल मऊच होता. कातड्याकडे बघून वाटलं, वेळ झाली. साचा ठेवून ठोकल्यावर तो उचलला तर प्रत्येक ठशाच्या कडेला भाजलेल्या पापडासारख्या बारीक भेगा फुटलेल्या होत्या. अंधार पडता पडता ओतलेले पुढचे दोन चौकोन चांगले उतरले, कारण तोवर वारा थांबला होता.

अशा वेळी मिस्त्री हमखास विचारतो, "भाऊ, वरून थोडं पानी मारू का?" नाही. वाळत आलेल्या पृष्ठभागावर पाणी शिंपडून घोटलं तर तात्पुरतं लोणी लावल्यासारखं सरकतं, पण वरच्या दोन मिलिमीटरांची ताकद संपते. महिन्याभरात रंग पिठासारखा हाताला लागतो. कोरडं सिमेंट भुरभुरून घोटणं त्याहून वाईट. त्याने पाच-सहा दिवसांत केसासारख्या भेगांची जाळी पडते. भेगा पडलेल्या चौकोनावर पातळ थर देऊन झाकायचा मोहही टाळला, कारण खालची खपली सुटली की वरचा थरही सुटतो. तिसऱ्या दिवशी कटरने जोडावर खोल रेघ मारून तो दहा बाय दहाचा चौकोन सळई वाचवत फोडला आणि सगळ्यात शेवटी पुन्हा ओतला.

बाकीचे पट्टे पहाटे पाचला सुरू केले. या वेळी वारा नसतो, हवा २५-२६ अंशांची असते, आणि मुख्य म्हणजे पहिला रंग टाकायची वेळ येते तेव्हा उजाडलेलं असतं. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात रंग कुठे जाड पडला आणि कुठे पातळ, ते कळत नाही. आदल्या दिवसापासूनची तयारी अशी. खडीच्या ढिगावर शेडनेट, आणि रात्री नऊला तिच्यावर पाण्याचा फवारा. ओली खडी रात्रीच्या हवेत चांगली थंड होते, फक्त तिच्यावर साचलेलं पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा धरायचं. खडी दोन अंशांनी थंड झाली तर माल साधारण एक अंशाने थंड होतो. पाण्याने तेवढाच फरक पाडायचा तर ते चार अंशांनी थंड करावं लागतं. म्हणून बर्फाच्या लादीचा खर्च करण्याआधी खडी सावलीत घ्यावी. भारतीय मानकात ओतताना मालाचं तापमान ४० अंशांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. छापाच्या कामाला ३० च्या आसपास ठेवलं तरच हातात वेळ राहतो. आमच्याकडे पहाटे २८ भरलं.

गावात केळीच्या रोपवाटिका आहेत, तिथलं सामान इथे फार कामाला आलं. बांबूंवर हिरवी शेडनेट सात फुटांवर ताणली आणि पश्चिमेला उभी कनात केली. रोपांना धुकं देणारे फॉगर वाऱ्याच्या बाजूला, मालापासून आठ फूट दूर, मोकळ्या जमिनीवर चालवले. हवा दमट करायची, पण मालावर एकही थेंब पडू द्यायचा नाही. रंगावर थेंब पडला की देवीच्या व्रणासारखा फिकट ठिपका उरतो.

माल ओतल्यावर व्हायब्रेटर हलकेच फिरवला, अॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढला आणि लांब दांड्याच्या बुल फ्लोटने सपाट केला. मग थांबायचं. वर पाणी सुटतं, चमकतं, आणि मग ती चमक जाते. चमक जाण्याच्या आधी रंग टाकला तर तो पाण्यात मिसळून पातळ होतो. पुढे पोपडा सुटतो तो याच घाईमुळे. चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसायला लागला की कलर हार्डनर. ही सिमेंट, बारीक गारगोटीची वाळू आणि लोहाचे ऑक्साइड यांची कोरडी पावडर असते. चौरस मीटरला ३ किलो धरली. एका पट्ट्याला ८४ किलो, पूर्ण अंगणाला अडीचशे किलो, म्हणजे २५ किलोच्या १० गोण्या आणि एक राखीव. फिकट रंगाला ती जास्त लागते, कारण खालचा करडा रंग झाकायचा असतो. बचत करायची असेल तर दुसरीकडे करावी.

दोन तृतीयांश पावडर पहिल्या हाताला टाकायची. पेरणीच्या वेळी मूठ फेकतात तशी वर फेकायची नाही. कमरेच्या उंचीवरून, बाजूच्या फळीवर उभं राहून, मनगटाने सरकवत जमिनीलगत सोडायची. शेतकरी घरातल्या बिगाऱ्यांना हा हात सवयीने जमतो. खत फोकायचा हात असलेला माणूस या कामाला निवडावा. टाकली की लगेच घोटायची नाही. पावडर खालचं पाणी शोषून आपोआप गडद होते. सगळीकडे गडद झाली की लाकडी रंध्याने (घोटायच्या फळीने) आत मुरवायची. कुठे कोरडी पांढरट राहिली असेल तर तिथे पाणी मारू नये, दोन मिनिटं थांबावं. राहिलेली एक तृतीयांश आडव्या दिशेने, आणि पुन्हा रंधा. शेवटी स्टीलचा गुरमाळा फक्त एकदा, हलक्या हाताने. जास्त घोटलं तर रंग काळवंडतो आणि पृष्ठभाग बंद होऊन आतलं पाणी फोड आणतं.

नंतर रिलीज पावडर. साचा चिकटू नये म्हणून ती लागते आणि खळग्यातली तपकिरी छटाही तीच देते. चौरस मीटरला दीडशे ग्रॅम, पट्ट्याला चार किलो. रुंद ब्रश पावडरीत बुडवून झटकायचा. तोंडाला फडकं बांधायलाच हवं, कारण ती पिठीहून बारीक असते.

छापायची वेळ घड्याळावर ठरत नाही, अंगठ्यावर ठरते. रिलीजवरून अंगठा दाबला की तीन मिलिमीटर ठसा उठला पाहिजे, ठशाची कड स्वच्छ हवी, आणि अंगठा उचलताना माल मागे ओढला जाता कामा नये. पण वर लिहिल्याप्रमाणे खपली फसवते. म्हणून अंगठ्याबरोबर एक खिळाही टोचून बघायचा. वरून आत जाताना त्याला सारखाच अटकाव लागला तर आतला मालही तयार आहे. वर कडक आणि खाली मऊ लागला तर कातडं फुटणार. पहाटेच्या पट्ट्यांत ओतल्यापासून साधारण सव्वादोन तासांनी ही वेळ आली आणि पाऊण तास टिकली. संध्याकाळच्या त्या पहिल्या चौकोनात ती वीस मिनिटंही नव्हती.

साचे पॉलियुरेथेनचे, तीन-साडेतीन फुटांचे. पाच कडक आणि एक कडेसाठी लवचिक. पहिला साचा कोपऱ्यात, त्यावर माणूस उभा, दुसऱ्याने धुमसाने मधून कडेकडे ठोकायचं. पुढचा साचा आधीच्यावर तीन इंच चढवून, आणि दर वेळी पाव फेरी फिरवून. न फिरवता ठेवला तर तोच खळगा ओळीने परत परत दिसतो आणि दगडाचा भास जातो. साचा सरळ वर उचलू नये, एक कड आधी सोडवून हवा आत जाऊ द्यावी. साच्यांच्या चढावर बारीक वरंबे उठतात, ते छोट्या रुळाने लगेच दाबले. भिंतीलगत लवचिक साचा उभा दुमडून हाताच्या थापीने ठोकला. कडेला छाप पुसट राहिला की सगळ्या अंगणाची कळा जाते, म्हणून तिथे वेळ दिला.

पहिला चौकोन सव्वासातला, शेवटचा साडेआठपर्यंत छापून झाला. ऊन चढलं तरी शेडनेटखाली काम करता आलं. दुपारी तीनला रेघा. चार इंच जाडीला जास्तीत जास्त दहा फुटांवर जोड हवा आणि तो जाडीच्या पाव, म्हणजे एक इंच खोल हवा. जोडाखाली एक सोडून एक सळई आधीच कापून ठेवली होती, म्हणजे भेग पडायचीच असेल तर रेघेखाली पडेल. थंडीत रेघ दुसऱ्या दिवशी मारली तरी चालते. मार्चच्या उन्हात छापून झाल्यापासून सहा-सात तासांत मारली नाही, तर माल आपली रेघ आपणच मारतो. फार लवकर मारली तर कडेची खडी उपटून येते. एक फूट मारून बघावं, कड स्वच्छ आली तर पुढे जावं.

सगळ्यात जास्त वाद पाणी मारण्यावरून झाला. आपल्याकडे मातीची आळी करून पाणी भरायची सवय आहे आणि साध्या स्लॅबला ते उत्तमच. रंगीत छापावर आळ्याची माती डाग पाडते, गोणपाट भिजून तपकिरी पाणी सोडतं, आणि प्लास्टिक अंथरलं तर त्याच्या सुरकुत्यांचा नकाशा कायमचा उमटतो. बोअरचं जड पाणी तर प्रत्येक वाळण्याबरोबर क्षार सोडून जातं. पण पाणी नाही म्हणून नुसतं उघडं ठेवणंही चालत नाही. फ्लाय अॅशच्या सिमेंटला आणि कोरड्या गरम हवेत किमान १० दिवस ओलावा टिकायला हवा. तोडगा असा काढला. पहिले २४ तास शेडनेट आणि फॉगर, रिलीज पावडर तशीच वर. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने, कमी दाबाने पावडर धुतली. सगळी धुवायची नाही, खळग्यात पाचवा हिस्सा राहू द्यायचा, तीच छटा. पृष्ठभाग सुकताच पारदर्शक अॅक्रिलिक क्युअर अँड सीलचा एक पातळ हात, लिटरला सहा चौरस मीटर, पूर्ण अंगणाला १४ लिटर. त्याने आतलं पाणी आतच राहतं. शेडनेट पूर्ण १० दिवस ठेवली.

फोडून पुन्हा ओतलेला चौकोन त्याच गोणीतल्या रंगाचा असूनही अर्ध्या छटेने गडद आला, कारण तिथे तीन बाजूंनी कडा असल्याने रंधा जास्त फिरला. कोरड्यात सहसा ओळखू येत नाही, ओल्यात येतो. टाइल्स धुवायचं अॅसिड मारून तो फिकट करायचा सल्ला मिळाला होता. अॅसिड सिमेंट खातं आणि वाळू उघडी करतं, छटा जुळत नाही. ते करू नये.

शेवटचा सीलर २८ दिवसांनी, सकाळी सहाला. अंगण कोरडं हवं. त्यासाठी आदल्या रात्री दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून ठेवला. सकाळी त्याच्या आतून दव नव्हतं, म्हणजे ओल नव्हती. सॉल्व्हंटचा सीलर नऊच्या पुढे तापलेल्या काँक्रीटवर मारला की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालची वाफ फोड आणते. दोन पातळ हात दिले. दुसऱ्या हातात घसरण कमी करणारी प्लास्टिकची भुकटी मिसळली, कारण पावसात सीलर लावलेलं अंगण निसरडं होतं. सीलर पूर्ण वाळेपर्यंत विडी-काडी बंद, आणि तीन दिवस खाट नाही. वाळवण थेट सीलरवर घालू नये, खाली धुतलेलं लुगडं किंवा चादर हवीच. हे घरातल्या बायकांना स्वतंत्रपणे सांगितलं, कारण अंगण जास्त त्याच वापरतात.

पावसाळ्यात फाटकाकडे एका हाताएवढ्या जागेत सीलर दुधी झाला. खालून ओल आली की असं होतं. नुसत्या झायलीनने, म्हणजे सीलर विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने, फडकं ओलं करून पुसलं, जुना थर विरघळून पुन्हा बसला आणि डाग गेला. जोत्याच्या कडेचं थर्माकोल वरून अर्धा इंच कापून तिथे पॉलियुरेथेन सीलंट भरायचा होता. तो एप्रिलमध्ये मुद्दाम भरला नाही. उन्हाळ्यात जमीन आकसलेली असते आणि फट सगळ्यात रुंद असते, तेव्हा भरलेला सीलंट पावसाळ्यात चेपून बाहेर येतो. भर पावसाळ्यात भरला तर मे महिन्यात फाटतो. नोव्हेंबरात जमीन अर्धी ओली, अर्धी वाळलेली होती. फट मोजली तर ११ मिलिमीटर भरली, मूळच्या १२ ला एक कमी. तेव्हा ती साफ करून, खाली फोमची दोरी दाबून सीलंट भरला.